माझ्या नावावरचं खोटं

शाळेच्या संगणक खोलीत पडद्यावर माझं नाव होतं. खाली माझं लिखाण. पुण्याहून आलेले पाहुणे खुर्च्यांवर बसलेले. सर म्हणाले, "वाच बाळ, मोठ्यानं."

मी वाचायला लागले. "माझी आई आमच्या शाळेत झाडलोट करते. तिला लहानपणापासून स्वच्छतेची आवड आहे."

तिथंच थांबले. हे मी लिहिलंच नव्हतं.

तेव्हा मी आठवीत होते. शाळेनं मुलांचा ब्लॉग काढलेला. सर म्हणाले होते, मनातलं लिहा, तुमच्या भाषेत लिहा, चुकांना भिऊ नका. मला ते खरं वाटलं. मी लिहिलं. आईला शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळालं. आम्ही बौद्ध. तिसऱ्या दिवसापासून अर्धा वर्ग घरनं डबे आणायला लागला. विचारलं की पोरं म्हणायची, खिचडीनं पोट दुखतं. आठवडाभरानं आईच्या हातातला डाव काढून घेतला आणि खराटा दिला. एवढंच लिहिलं होतं. एक शब्द पदरचा नाही.

त्याचं सरांनी हे करून ठेवलेलं. खाली लोकांच्या शाबासक्या. जोडलेले हात. फुलं. "किती छान संस्कार!"

एक पाहुण्या बाई म्हणाल्या, "किती निरागस लिहितेस गं."

शिसारी आली. शिवी दिली असती तर बरं. शिवीला उलटून बोलता तरी येतं.

आई दाराबाहेर पाहुण्यांच्या चपला ओळीनं लावत होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"ह्ये म्या लिव्हल्यालं न्हाई," मी म्हणाले.

सर हसले. "शुद्ध बोल. पाहुणे आहेत."

"म्या डब्यांचं लिव्हलं हुतं. तुमी खोडलं."

सर जवळ आले, हळूच म्हणाले, "आईचं काम टिकवायचंय ना?"

मी आईकडं बघितलं. तिनं हातातली चप्पल खाली टाकली.

"सांग समदं," ती म्हणाली. "आता थांबू नगंस."

मी सांगितलं. खिचडी, डबे, खराटा, सगळं. पाहुणे मोबाईलमध्ये बघत बसले. त्या बाईंनी गाडी कुठं लावलीय ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी ब्लॉगवरून माझं नाव गेलं. महिना संपायच्या आत आईचं कामही गेलं. ती कापूरहोळच्या ढाब्यावर भांडी घासायला लागली.

आता मी भोरला कॉलेजात आहे. माझा स्वतःचा ब्लॉग आहे. वस्तीतली पोरं त्यावर लिहितात. त्यांचा एक काना मी बदलत नाही. पहिली पोस्ट माझी, खिचडीची.

परवा सरांचा मेसेज आला. "जुनं उगाळून काय मिळतं? ती पोस्ट काढ. शाळेची बदनामी होते."

पोस्टमध्ये शाळेचं नाव नव्हतं. आज घातलं. सरांचंही घातलं.

काढणार नाही.