धनजला कॅमेरा अडला तो दिवस

मंगळवार, १४ मे १९५७. सकाळी दुकानामागे मी फोटो धुवायच्या हायपोचे ट्रे घासत होते. भुताखेतांच्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही ठेवायची इच्छा नाही. यजमानांचे हात थरथरायला लागल्यापासून कारंज्यातला आमचा फोटो स्टुडिओ मीच चालवते. यंत्र बिघडलं तर त्याला कारण असतं, आणि शोधलं की ते सापडतं — हा माझा सहा वर्षांचा अनुभव.

धनजहून किसन नावाचा शेतकरी बैलांची दमणी घेऊन आला. "बाई, पहाटं माय गेली. फोटू काढाले चला." त्याची बहीण गया चांद्याकडे खाणीवर कामाला. तार केली होती, पण ती उद्याच पोचणार, आणि वैशाखात प्रेत तितका वेळ ठेवता येत नाही. मायचा एकही फोटो नव्हता. "गयानं तोंड तं पाह्यलं पाह्यजे ना, बाई."

आमचा कॅमेरा जर्मन, चावीचा. चावी भरली की आतली स्प्रिंग प्रत्येक फोटोनंतर फिल्म आपोआप पुढे सरकवते. म्हातारीला ओसरीत टेकून बसवलं होतं. मी बटण दाबलं... काहीच नाही. चावी भरलेली. फिल्मला उजेड लागू नये म्हणून गोधडीखाली कॅमेरा उघडून बोटांनी चाचपला — फिल्म दातांवर नीट, स्प्रिंग ताठ. बंद करून समोरच्या सारवलेल्या भिंतीवर रोखला. खट् — खर्र! फिल्म सरकली. म्हातारीकडे वळवला... मुका.

शेजारच्या सुभद्राबाईंना म्हातारीच्या पुढ्यात उभं केलं. खट् — खर्र. त्या बाजूला झाल्या, पुन्हा मुका. असं चार वेळा.

"बाई, तुमची मशीन चालते, का आमी निंगू?" प्रेत न्यायला थांबलेले एक म्हातारबुवा ओरडले.

"जितेपनी तिनं कदी फोटू काढू देल्ला नाही," सुभद्राबाई म्हणाल्या. "नातवाच्या लग्नात पाठ करून बसली. आता काहून काढू देईन?"

"काकू, गप राय!" किसन खेकसला. मग माझ्याकडे वळून हळूच, "एकच काढा ना, बाई... एकच."

घामाने हातातून कॅमेरा निसटत होता. मला सुचेल ते सगळं करून झालं होतं. शेवटी प्रेत उचललं. किसनने माझ्याकडे पाहिलंही नाही. रिकाम्या ओसरीवर मी बटण दाबलं, आणि फिल्म सरकली.

पुढे नागपूरच्या मेकॅनिकने कॅमेरा पुरता खोलला. दोष निघाला नाही. उष्णता म्हणावी, तर भिंतीवर कसा चालला? दोन वर्षं झाली, मला उत्तर सापडलेलं नाही.

प्रेत नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती फिल्म धुतली, निघालं ते सगळं छापलं. तेवढ्यात गयाला बसमधून उतरवून किसन थेट दुकानात घेऊन आला.

"फोटो निघाला नाही," मी सांगितलं.

"मंग तुमी कायले गेल्या होत्या?" गयाने विचारलं.

ओले फोटो तिच्यापुढे ठेवले. सुभद्राबाईंचे फोटो तिने बाजूला सारले. भिंतीच्या फोटोवर थांबली. तिरप्या उन्हात सारवणातले बोटांचे फराटे उठून दिसत होते.

"दादा, पाह्य ना... मायचे बोटं." आणि तिने त्या फराट्यांवर बोट ठेवलं.

मी अंधाऱ्या खोलीत गेले आणि तोच फोटो मोठा करून आणला.