ओठ दिसतील असा टीव्ही

दगडू परबाच्या खोलीतला टीव्ही कायम मुका असायचा. चित्र चालू, आवाज शून्यावर. लालबागच्या त्या चाळीत दुसऱ्या माळ्यावर नवीन आलेला माणूस दारापाशी हमखास थबकायचा. आत बाहत्तर वर्षांचा म्हातारा खाटेवर मांडी घालून बातम्या बघतोय, मधेच "खोटारडो मेलो" म्हणून निवेदकाला शिवी हासडतोय, आणि आवाज म्हणाल तर नुसता पंख्याचा. जुन्या शेजाऱ्यांना त्याचं काही वाटत नसे. परब साचाखात्यातला माणूस, त्याला कान हवेत कशाला, असं ते म्हणायचे.

साचाखातं म्हणजे गिरणीत जिथं मागावर कापड विणलं जायचं, तो विभाग. पाचशे-सहाशे माग एकदम धडाडायला लागले की शेजारच्याने कानाला तोंड लावून बोंब मारली तरी कळायची नाही. म्हणून तिथं कुणी बोंब मारायच्या भानगडीतच पडत नसे. माणसं नुसते ओठ हलवायची. चार मागांपलीकडून कुणाच्या बायकोच्या बाळंतपणाची बातमी अशीच यायची, आणि मुकादमाला घातलेली शिवीसुद्धा अशीच जायची. मुकादम पाठमोरा असला म्हणजे झालं. गिरणीला टाळं लागेपर्यंत दगडूने तिथं अठ्ठावीस वर्षं काढली. टाळं लागलं तेव्हा कान गेलेले होते. ओठ वाचायचं तेवढं राहिलं, कारण ते कुणाला काढून घेता आलं नाही.

मीराबाई होती तोवर सगळं ठीक चाललं होतं. ती समोर येऊन उभी राहायची, तोंडातून आवाज न काढता बोलायची आणि तशीच भांडायचीही. चाळीत त्या दोघांचं एक भांडण कधी कुणाच्या कानावर गेलं नाही. तीन वर्षांपूर्वी ती गेली आणि घरातली सगळी तोंडं दुसरीकडे वळली. मुलगा हितेंद्र मोबाइलमध्ये बघत बोलायचा. सून मेघना मोरीत भांडी घासता घासता, पाठ करून बोलायची. दगडूला चाहूल लागायची की काहीतरी बोलणं झालंय. तो विचारायचा, "काय म्हणालास?"

"काही नाही, बाबा."

हे "काही नाही" दगडूच्या डोक्यात जायचं. दहा मिनिटं नवरा-बायको बोलतात, हसतात, मधे कपाळाला आठ्या घालतात, आणि म्हाताऱ्याने विचारलं की काही नाही. अरे, काही नाही तर मग तोंडं कशाला झिजवताय? कानात घालायचं मशीन आणून दिलं होतं हितेंद्रने. ते कुकरसारखं शिट्ट्या मारायचं. दोन दिवसांत ते खणात गेलं. दगडूचं मागणं तरी काय होतं, माझ्याकडे तोंड करून बोला. त्याला पैसा लागत नव्हता.

दिवसभर त्याच्याकडे तोंड करून बोलणारं घरात एकच उरलं होतं, टीव्ही. म्हणून त्याच्या पडद्यावर रेघा उठल्या आणि निवेदकांची तोंडं हिरवी दिसायला लागली, तेव्हा दगडूचा जीव खालीवर झाला. नेमकं त्याच महिन्यात घरातलं "काही नाही" वाढलं होतं. नवरा-बायको गॅलरीत जाऊन बोलायची. दगडू बाहेर आला की गप्प. अशात एका शनिवारी हितेंद्र समोर येऊन बसला आणि म्हणाला, "बाबा, चल, तुला मस्त स्मार्ट टीव्ही घेऊन देतो. चाळीसपर्यंत जाऊ."

चाळीस हजार. मागच्या दिवाळीला चष्म्याची काडी बदलायला दोन महिने लावणारा पोरगा. दगडूला ते तेव्हाच खटकलं, पण टीव्ही हवा होता. म्हणून तो गेला.

शोरूम परळला होतं, एका टॉवरच्या तळमजल्यावर. तिथं आधी गिरणीच होती. दगडूची नव्हे, शेजारची. भिंतभर टीव्ही लावलेले, आणि सगळ्यांवर एकच चित्र. निळ्या पाण्यातले रंगीत मासे, मग फुलं, मग बर्फाचे डोंगर. मासे बघायला परळपर्यंत यायची दगडूला काय गरज होती, वरळी कोळीवाड्यात गेला असता.

प्रफुल्ल नावाचा विक्रेता आला. बोलका, चटपटीत, आणि तोंड सतत पडद्याकडे. दगडूला त्याचा एक गाल आणि एक कान तेवढा दिसत होता.

"माझ्याकडे बघून बोल," दगडू म्हणाला.

"हां काका, सॉरी. हा बघा, पंचावन्न इंची. ऑफर चालू आहे, साउंडबार एकदम फ्री. असला आवाज घरात लागला ना, चाळ हलेल तुमची."

दगडूने त्याच्याकडे असं बघितलं की प्रफुल्लने एक पाऊल मागे घेतलं. हितेंद्र घाईघाईने मधे पडला आणि बापाकडे पाठ करून विक्रेत्याला काहीतरी समजावून सांगू लागला. काय सांगत असणार ते पाठीवरूनही कळत होतं. प्रफुल्लच्या चेहऱ्यावर लगेच ते मऊ, कीव करणारं हसू आलं. लहान पोरांना आणि बहिऱ्यांना लोक जे हसू देतात ते. दगडूला त्या हसण्याची भयंकर चीड होती.

"मासे बंद कर," तो मोठ्याने म्हणाला. बहिऱ्या माणसाचा आवाज असा सुटला की सगळं दुकान वळून बघतं. बघू दे. "माणूस लाव. बोलणारा माणूस. मराठी बातम्या लाव."

"काका, पिक्चर क्वालिटी डेमोवरच कळते."

"माशाक बोलूक येता काय?"

शेवटी प्रफुल्लने सगळ्या टीव्हींवर बातम्यांचं चॅनल लावलं आणि दगडू कामाला लागला. मागावर कापडाची तपासणी करावी तसा तो एकेका पडद्यासमोर गेला. नुसता समोरून बघत नव्हता. डावीकडे चार पावलं जाऊन, वाकून, तिरका बघत होता. त्याच्या खोलीत खाट कोपऱ्यात आणि टीव्ही दाराजवळच्या भिंतीवर, मग बघायचं तिरकंच. पंचावन्न इंची तिरका बघितला की बातम्या देणाऱ्या बाईंच्या ओठांचा रंग उडून सगळा चेहरा पिठासारखा व्हायचा. दुसऱ्यात चित्र असं गुळगुळीत केलेलं की तोंड उघडतंय कधी आणि मिटतंय कधी ते समजेना. तिसऱ्याच्या काचेत दुकानाचे सगळे दिवे. वर या चॅनलवाल्यांची अक्कल, खाली तीन-तीन पट्ट्या फिरवून माणसाची हनुवटी झाकतात. दगडूने त्यांनाही दोन हासडल्या.

कोपऱ्यात त्रेचाळीस इंची एक होता. त्याला ना ऑफर ना साउंडबार. दगडू डावीकडून बघून आला, उजवीकडून बघून आला. ओठ जागेवर. दातही दिसत होते. त्याने तिथं स्टूल ओढून घेतलं आणि पाच मिनिटं बातम्या वाचल्या. बऱ्याच दिवसांनी त्याला एक वाक्य अख्खं मिळालं. त्या वेळी तो खरोखर खूश होता, हे सांगायला हवं.

"हा," तो म्हणाला.

हितेंद्रने मान हलवली, ती होकाराची नव्हती. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बोट वर करून "एक मिनिट" अशी खूण करत तो काचेच्या दाराबाहेर गेला. दार लागलं. बाहेर उभा राहून तो आत बघत होता, बापावर नजर ठेवून, मधे एकदा हसून हातही केला त्याने.

काच म्हणजे भिंत, असं कानवाल्यांना वाटतं. दगडूला काच म्हणजे काहीच नव्हतं. पंधरा फुटांवर, भर उजेडात, त्याच्याकडे तोंड करून त्याचा मुलगा तीन वर्षांत पहिल्यांदा सलग बोलत होता. परक्याच्या तोंडचे सगळे शब्द पकडता येत नाहीत, निम्मे अंदाजाने घ्यावे लागतात. पण हे तोंड त्याने पहिल्या बोबड्या बोलापासून वाचलेलं होतं.

"पंचावन्नच घेतो, मेघना. लहान घेतला तर लोक म्हणतील बापाला काय दिलं... अगं, टीव्ही असला की त्याला दुसरं काही लागत नाही. गप बसून असतो... नाही, अजून नाही सांगितलं. आत्ता सांगितलं तर तमाशा करेल. टेम्पो आला की सांगू... वडाळ्याच्या नव्या घरात त्याला ठेवणार कुठे? रविवारी येत जाऊ की."

आणि तो पुन्हा बापाकडे बघून हसला.

दगडूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जायचं तर जा. पोरं जातातच, दगडूही कोकणातून आईला मागे ठेवूनच आला होता. पण येताना त्याने आईच्या समोर बसून सांगितलं होतं. तिने शिव्या घातल्या त्या ऐकून घेतल्या होत्या. आणि इथं म्हणे टेम्पो आल्यावर सांगू. सामान उतरताना बघून ज्याने समजून घ्यायचं तो बाप? आणि वर हा टीव्ही. म्हणजे तोंड बंद करायला आणलेलं खेळणं, आणि तेसुद्धा लोक काय म्हणतील ते मोजून.

हितेंद्र आत आला. आता मात्र तो अगदी समोर उभा राहिला, एकेक शब्द सावकाश फोडत म्हणाला, "बाबा, पंचावन्नच घेऊ. तुला काय कळतंय त्यातलं. मी आहे ना."

दगडू स्टुलावरून उठला. मुलाच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि बोलायला लागला. साचाखात्यात बोलायचा तसा, आवाजाचा टिपूस न काढता. वडाळ्याला सुखाने जा, म्हणाला. पण मला टेम्पोवाल्याकडून कळवू नको. तुझी आई असती तर तिने तुला या दुकानात उभा फाडला असता, म्हणाला. मी गप बसतो कारण तुम्ही माझ्याशी बोलत नाही, म्हणाला. सगळं म्हणाला. एक शब्द गिळला नाही.

हितेंद्र डोळे बारीक करून बापाच्या ओठांकडे बघत राहिला. पुढे झुकला. "बाबा, आवाज येत नाहीये तुझा. काय म्हणतोयस?"

दगडूने त्याला तसं थोडा वेळ बघू दिलं. मग तो प्रफुल्लकडे वळला आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "त्रेचाळीसवाला दे. एकट्या माणसाक पुरे."

हितेंद्र वळसा घालून पुन्हा बापाच्या समोर आला. "एकट्या म्हणजे? बाबा, आत्ता मघाशी काय म्हणालास तू?"

"काही नाही," दगडू म्हणाला.