सुनेच्या हातचे मखाणे

यांना साखर निघाली तेव्हापासून मी सांगत होते, गाठिया सोडा. पण खडोलीच्या कंपनीतून सुटले की फरसाणवाल्याकडून पुडी आणायचेच. मी पुडी लपवली तर दुसरी आणायचे. वर म्हणायचे, "तू काय डॉक्टरीण लागून गेलीस?" मला मोठ्याने बोलता येत नाही.

मग सुनेने मोबाइलवरून खाऊ लावला. दूध लावतात, पेपर लावतात, तसा. दर पंधरवड्याला खोकं घरपोच येतं. आत भाजलेले मखाणे, नाचणीच्या चकल्या, ज्वारीच्या लाह्या. तळलेलं काही नाही. पहिल्या दिवशी तिने वाटी यांच्यापुढे ठेवली.

"बाबा, आजपासून गाठिया बंद हं."

"बंद तर बंद, बेटा," हे म्हणाले. हसून म्हणाले.

मी आत पोळ्या लाटत होते. शब्द माझेच होते. माझ्या तोंडून निघाले की कटकट, तिच्या तोंडून निघाले की काळजी.

साखर उतरली. डॉक्टरांनी सुनेला शाबासकी दिली. शेजारची गुजराती बाई म्हणाली, "बेन, वहू तो सोनानी छे." म्हणजे सून सोन्याची आहे. मी मान हलवली. यांचं बरं झालं, तर मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याआधी हेवा वाटला, ते मलाच ठाऊक.

एका दुपारी नावं ठेवायला म्हणून मी एक मखाणा तोंडात टाकला. चांगला लागला. मग तर आणखीच राग आला.

परवा सून माहेरी नाशिकला गेली. संध्याकाळी यांनी तिला फोन लावला. "बेटा, मखाणे किती खाऊ?"

"अहो बाबा, आई आहेत ना घरात? त्यांना विचारा की!" ती हसत होती. मला बाहेरपर्यंत ऐकू आलं. तिने असं म्हणावं, हेही मला आवडलं नाही.

यांनी फोन ठेवला. मग भरलेली वाटी घेऊन माझ्यापाशी आले.

"एवढे चालतील का गं?"

सून रोज एवढेच देते. मी बघितलेलं आहे.

"अर्धे काढा," मी म्हणाले.

यांनी लगेच अर्धे परत डब्यात ओतले.