मेंढीच्या तोंडापेक्षा उंच

अनारकानच्या अंगणामागे पॉपलरची रांग होती, आणि त्या रांगेला कुणी हात लावलेला तिला खपत नसे. एल्दियार मॉस्कोला गेला त्याच्या आधीच्या वसंतात त्यानेच त्या काठ्या ओल्या मातीत खोचल्या होत्या. "अपा, ही झाडं वाढली की मी परत येतो," तो आईला म्हणाला होता. "यांच्याच तुळया घालून घर बांधू. तुझी खोली चुलीजवळ."

तेव्हा अंगठ्याएवढ्या असलेल्या त्या काठ्या आता दंडाएवढ्या झाल्या होत्या. सरळसोट, आणि वारा सुटला की वाहत्या पाण्यासारख्या वाजणाऱ्या. संध्याकाळी गाईचं दूध काढून झालं की अनारकान बादली खाली ठेवी आणि एकेका बुंध्यावरून हात फिरवत जाई. दार कुठल्या अंगाला काढायचं, नातवंडं कुठे निजतील... त्या रांगेत उभं राहून तिने ते घर कितीदा तरी बांधलं होतं. पडदेसुद्धा लावून झाले होते.

गावातली पोरंही तिला अपाच म्हणत. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने आयुष्य काढलेलं, त्यामुळे अख्खी तरुण पिढी तिच्या हातची खीर खाऊन वाढलेली. त्यातली बेगाइम तिची विशेष लाडकी. बोलायला फटकळ, आणि एकदा मनात घेतलं की सोडायची नाही.

बेगाइमने आणि तिच्या सोबत्यांनी मनात घेतली होती ती शाळेकडची घळ. दर वसंतात डोंगरावरचं बर्फ वितळून पाणी आलं की घळीचा काठ ढासळे. आता ती शाळेच्या वाटेला येऊन भिडली होती. सुट्टीत घरी आलेली कॉलेजची पोरं तिथे झाडं लावत. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काही देत नव्हतं. पण आपल्याकडे पीक निघालं की मेंढ्या मोकाट सुटतात. पोरांनी रोपं लावली, मेंढ्यांनी खाल्ली. पुढच्या वर्षी पोरांनी भोवती काट्यांचं कुंपण घातलं, तर पहिल्या थंडीत ते काटे गावकऱ्यांनीच चुलीत घातले. शेजारचे सुयुन आजोबा चौकात बसून म्हणायचे, "पोरं गुणी आहेत हो. माझ्या मेंढ्यांसाठी दरवर्षी ताजी भाजी लावतात."

त्या वर्षी बर्फ वितळू लागलं तशी बेगाइम अनारकानच्या दारात आली.

"चहा नको अपा, मी जरा..."

"या घरात चहा नको म्हणणारा माणूस भांडायला आलेला असतो. बस."

बेगाइम बसली. दुधाचा खारट चहा तिने मुकाट्याने संपवला. मग म्हणाली, "अपा, आता रोपं लावायचीच नाहीत. मेंढीच्या तोंडापेक्षा उंच अशा जिवंत काठ्या रोवायच्या. फांदीचे डोळे फुटायच्या आत कापून लावल्या की मुळं धरतात. पण तेवढ्या जाड आणि सरळ काठ्या गावात..." तिची नजर खिडकीबाहेर गेली.

"त्या एल्दियारच्या आहेत."

"माहीत आहे."

"मग विचारतेस कशी?"

"म्हणूनच विचारते. पोरांचं म्हणणं होतं, अपा कुणाच्या लग्नाला गेल्या की कापून आणू."

अनारकानला नको असताना हसू आलं. "आणि पुन्हा काट्यांचं कुंपण घातलं तर?"

"मागचे काटे कुणाकुणाच्या चुलीत गेले ते ठाऊक आहे मला," बेगाइम चुलीकडे बघत म्हणाली.

अनारकानने ओढणीने उगाच किटलीचं झाकण पुसलं. "रविवारी त्याचा फोन येतो. त्याला विचारते," ती म्हणाली. नाही म्हणणार तो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या तोंडून ते 'नाही' ऐकायची तिला आसच लागली होती.

रविवारी ती बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळायला बसली होती, तेवढ्यात फोन वाजला. गुडघे कसे आहेत, गाय व्याली का, सगळं विचारून झालं.

"पोरं तुझी झाडं मागतायत," ती म्हणाली.

"कुठली झाडं?"

कढईतलं तेल तडतडत होतं.

"तुळयांची."

"हां हां, ती! देऊन टाक की अपा. हल्ली तुळया कोण घालतं?" मग त्याचा आवाज खाली आला. "तुला सांगायचंच होतं. कसं सांगू कळत नव्हतं. आम्हाला इथे घर मिळालंय. नवव्या मजल्यावर. लिफ्ट आहे, तुझ्या गुडघ्यांना काही त्रास नाही. तू इकडेच ये."

"आणि गाय नवव्या मजल्यावर बांधू?"

तो हसला. तीही हसली. फोन ठेवून तिने कढईत बघितलं, तर बोरसोक कोळसा झाले होते. तिने ते कुत्र्यापुढे टाकले. त्यानेही हुंगून सोडले.

त्या संध्याकाळी ती रांगेपाशी गेली नाही. दूध काढलं आणि सरळ घरात आली. सकाळ झाल्यावर मात्र बेगाइमच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली.

"उद्या अशार. सगळ्यांना सांग. पोटं रिकामी ठेवून या म्हणावं."

अशार म्हणजे गावाने मिळून केलेलं काम. मजुरी नाही, पण बोलावणाऱ्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं.

"अपा, अशार आमची आहे. जेवण आम्ही..."

"लाकूड माझं, तर अशारही माझी. तुम्ही पोरं मला भात शिकवणार?"

दुसऱ्या दिवशी अंगणात ही गर्दी झाली. सुयुन आजोबा नुसते बघायला म्हणून आले होते. जरा वेळाने त्यांच्या खांद्यावर काठ्यांच्या मोळीचं टोक होतं आणि ते पोरांवर ओरडत होते, "अरे डोळे वरच्या बाजूला राहू देत! उलट्या रोवाल, गाढवांनो!"

पहिला घाव अनारकानने स्वतः घातला होता. शेवटच्या झाडापाशी येऊन बेगाइमने कुऱ्हाड खाली टेकवली. "अपा, एवढं एक राहू दे?"

"कशाला? एका खांबावर घर उभं राहतं का?"

आणि ती गाजरं चिरायला निघून गेली. त्या दिवशी भातात मीठ जास्त पडलं. तरी सगळ्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

त्यानंतर कितीतरी दिवस सवयीने ती दुधाची बादली घेऊन मागे जाई, आणि मागे नुसतं आभाळ असे.

पुढे उन्हाळ्यात गावच्या मेंढ्या राखायची तिची पाळी आली. सकाळी कळप हाकत ती घळीपाशी पोचली. बऱ्याच काठ्यांना शेंड्याकडे पालवी फुटली होती. मेंढ्यांनी माना ताणून पाहिल्या, आणि मुकाट पुढे निघाल्या. वारा आला. तेच वाहत्या पाण्यासारखं वाजणं, आता शाळेच्या वाटेवर.

एक म्हातारी मेंढी मागे राहून एका काठीला पाठ घासत होती. काठी एका अंगाला कलली. अनारकानने मेंढीला हाकललं, काठी दोन्ही हातांनी सरळ केली आणि बुंध्याशी माती टाचेने घट्ट दाबली.

"हं," ती काठीला म्हणाली, "आता तू कुठे निघालास?"

कळप पुढे गेला तरी तिचा हात काठीवरच होता.