पिचर म्हणजे बॉलरच की

सोमाटण्यात बेसबॉल खेळणारा मी एकटाच, त्यामुळे गावातला सर्वोत्तम पिचर व्हायला मला फारसे कष्ट पडले नाहीत. शाळेच्या क्रिकेट संघातून मला काढलं होतं, कारण मी चेंडू टाकायचो नाही, फेकायचो. पीटीच्या सरांनी तेवढ्या भांडवलावर मला बेसबॉलमध्ये घातलं. "तुझा दोष इथं गुण आहे," ते म्हणाले. शाळेने मला दिलेलं एवढंच शिक्षण पुढे कामी आलं.

राज्य, मग देश, असं खेळत मी परदेशातल्या एका नव्या लीगमध्ये पोचलो. खराखुरा करार, पाठीवर नंबर. निघण्याआधी गावाने सत्कार केला. फ्लेक्सवर माझ्या हातात क्रिकेटची बॅट चिकटवली होती आणि सरपंचांनी मला षटकारांसाठी शुभेच्छा दिल्या. समोरच्याला मारू न देणं हे माझं काम, असं मी घरी समजावलं, तर वडील, म्हणजे आमचे आबा, म्हणाले, "म्हंजी बॉलरच की. पळायचं न्हाई, टप्पा न्हाई. लय आरामाचा खेळ हाय."

तिकडे चौथ्या सामन्यात कोपरात काहीतरी तुटलं. आवाज मला स्वच्छ ऐकू आला. प्रेक्षकच इतके थोडे होते की त्यांनाही आला असावा. संघाने तत्परतेने पुष्पगुच्छ पाठवला आणि त्यासोबतच परतीचं तिकीट. व्यावसायिक कारकीर्द एकूण साडेतीन सामन्यांची. तिच्या जोरावर आज तळेगावच्या एका शाळेत पीटी शिकवतो, म्हणजे अगदीच वाया गेली असं म्हणता येणार नाही.

घरी आलो तेव्हा हात गळ्यात बांधलेला. ओळखीचे सगळे भेटायला आले आणि 'तरी आम्ही सांगत होतो' असं धीर देऊन गेले. सगळे गेल्यावर आबा ओट्यावर शेजारी येऊन बसले.

"पयल्या तिघांना तू एकामागं एक घरी धाडलंस. मोबाईलवर बघितलं मी. त्यो चेंडू सरळ येता येता खाली कसा पडायचा?"

आईने निवडायला काढलेल्या टोपलीतला कांदा मी डाव्या हाताने उचलला आणि बोटं कशी ठेवायची ते दाखवलं. आबांनी फेकला. तो शेजारच्या गोठ्यावर गेला. दुसराही तिकडेच.

"मनगट, आबा. खांदा न्हाई."

"व्हय, व्हय."

चार कांद्यांनंतर आईने टोपली आत नेली. पाचवा आबांनी आधीच खिशात टाकला होता.