अक्काने गाळलेलं प्रकरण

अक्का गावात शिरली की कुत्री भुंकायची नाहीत. नार्नूरच्या पुढे गोंडांच्या कुठल्याही वस्तीत, गुड्यात जा, तिथली कुत्री एकदा मान वर करून तिच्याकडे बघायची आणि पुन्हा झोपायची. मी तिच्या मागेच असायची, तिच्यासारखीच सुती साडी, तिच्यासारखीच खांद्याला पिशवी. पण माझ्यावर तीच कुत्री अशी तुटून पडायची की कुणीतरी काठी घेऊन धावत यायला लागायचं.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? मला अक्काचा हेवा वाटायचा. अजून वाटतो. लोक म्हणतात, तुमची केवढी मैत्री! होतीच मैत्री. म्हणून तर जास्त झोंबायचं. दुश्मनाला निदान नावं ठेवता येतात. हिला काय नावं ठेवणार?

ती माझी सख्खी बहीण नव्हे. शाळेत एक वर्ग पुढे होती, एवढंच. बौद्ध कुटुंब, आजोबा जैनथला दुसऱ्यांच्या शेतात राबले आणि वडील शिकून नार्नूरकडच्या आश्रमशाळेत मास्तर झाले. त्यामुळे अक्काचं बालपण गोंड पोरांत गेलं आणि गोंडी तिच्या तोंडात आपोआप आली. पुढे हायस्कूलला ती आजोबांकडे जैनथला आली, तेव्हापासून सगळे तिला तेलुगू पद्धतीने अक्का म्हणायला लागले. शाळेचा शिपाई म्हणायचा, ऑटोवाले म्हणायचे. माझे वडील तहसील कचेरीत कारकून. घरातही पहाणी आणि पंचनाम्याच्या भाषेत बोलणारा कडक माणूस, पण तेही तिला अक्काच म्हणायचे. वर मला ऐकवायचे, "तिच्यापासून शिक काई तरी." जेवताना हे ऐकलं की मी अर्ध्या ताटावरून उठायची.

पुढे हैदराबादला आम्ही दोघींनी पर्यावरण नियोजन हाच विषय घेतला, एकाच सरांकडे पीएच.डी. केली आणि एकाच विभागात शिकवायला लागलो. रस्ता कुठून न्यायचा, तलाव कुठे बांधायचा, जंगल किती ठेवायचं हे ठरवणारं आमचं शास्त्र. अक्काचं म्हणणं एवढंच, की हे ठरवण्याआधी तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना काय ठाऊक आहे ते समजून घ्या. म्हणणं मीही तेच मांडायची, आणि सभेत तिच्यापेक्षा चांगलं मांडायची. पण गावात गेल्यावर माझी प्रश्नावली दुपारच्या आत भरून व्हायची, आणि अक्का बायकांमध्ये बसून चिंचा सोलत असायची. तिने अजून एक प्रश्न विचारलेला नसायचा. मी घाई केली की म्हणायची, "तुले काऊन एवढी घाई वं? बसू दे ना जरा. आपुन पाव्हणे आहोत." संध्याकाळपर्यंत बायका आपणहून बोलायला लागायच्या. आणि काय बोलायच्या! मी जवळ सरकले की विषय लग्नावर नाहीतर पोराबाळांवर जायचा.

तिची एक पद्धत मात्र विभागात थट्टेचा विषय होती. लिहून झालेलं प्रत्येक प्रकरण छापायच्या आधी ती ज्या गावाचं असेल त्या गावात घेऊन जायची आणि सगळ्यांसमोर गोंडीत वाचून दाखवायची. लोक म्हणतील ते दुरुस्त करायची, आणि काढ म्हणतील ते काढून टाकायची. चांगली पानंच्या पानं तिने अशी काढली. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "अक्का, इतकं चांगलं लिहेलं काऊन खोडून राह्यली? कोण बघायला येणार आहे?" ती म्हणाली, "त्यायचं होतं, त्यायनं वापस घेतलं. मायं काय जाते त्यात?" जातं काय म्हणजे? उन्हातान्हातली वर्षं जातात, बढती जाते. पण हे तिला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

त्यानंतर ते झऱ्याचं प्रकरण आलं. नार्नूरच्या पुढच्या एका गुड्यात भर उन्हाळ्यातही न आटणारा झरा आहे. त्याच्या वरचं जंगल कोणत्या घराण्याने राखायचं, कोणत्या झाडाला कधी हात लावायचा नाही, वर्षातून एकदा कोणती पूजा झाल्यावरच तिथलं काही तोडायचं, आणि या सगळ्याचा पाण्याशी काय संबंध, हे अक्काने उलगडून दाखवलं होतं. भाषा तपासायला तिने ते माझ्याकडे दिलं. मी एका बैठकीत वाचलं आणि जेवले नाही. खोट काढायची म्हणून पुन्हा वाचलं. खोट सापडेना. परदेशातल्या एका नियतकालिकाने ते छापायचं कबूल केलं होतं. आणि त्याच वर्षी आमच्या विभागात प्राध्यापकाची एकच जागा निघाली. अर्ज आम्हा दोघींचेच होते. हे प्रकरण छापून आलं की जागा अक्काची, हे विभागातल्या खुर्च्या-टेबलांनाही कळत होतं.

ते वाचून दाखवायला ती गेली तेव्हा मी मुद्दाम सोबत गेले. तिचं कौतुक होताना बघायचं आणि जळायचं, एवढ्याचसाठी म्हणा ना. गुड्याचा मुखिया असलेल्या पटेलाच्या अंगणात सगळं गाव जमलं. अक्का वाचत होती आणि म्हाताऱ्या माना डोलवत होत्या. वाचन संपलं. मग पटेलाची आई बोलली. ती सावकाश बोलत होती, म्हणून मलाही कळलं. सगळं खरं लिहिलं आहेस, म्हणाली, आमच्या पोरांनाही इतकं सांगता येणार नाही. पण हे छापलंस तर लोक गाड्या घेऊन येतील, बोअर मारतील, फोटो काढतील. तुला सांगितलं ते तू आमची म्हणून. हे छापू नको.

अक्काने बाजू मांडली नाही. थोडं काढू का, नावं बदलू का, असंही विचारलं नाही. कागद पिशवीत घातले आणि चहा घेतला. परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली. मी मात्र उटनूर येईपर्यंत टक्क जागी होते. मला आनंद व्हायला हवा होता. पण डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, तू आमची म्हणून.

मुलाखतीत त्या प्रकरणाचं काय झालं असं तिला विचारलं. "गावानं नको म्हटलं, सर," एवढंच तिचं उत्तर. जागा मला मिळाली. सगळ्यांत आधी अभिनंदनाला कोण आलं? अक्काच. हातात पेढे. "लय बरं झालं वं," म्हणाली, "आता विभागासाठी जीप मागजो. नार्नूरले बस भेटत नाई." आणि खरंच खूश होती हो. मी तिच्या चेहऱ्यावर शोधत होते, कुठे तरी जरा जळफळाट, जरा ओठ आवळलेले. काही नाही. तिने थोडं तरी जळायला हवं होतं. तेवढं सुख तरी मला द्यायचं.

पुढच्याच वर्षी ती विद्यापीठ सोडून उटनूरच्या कॉलेजात शिकवायला गेली. निरोपाच्या दिवशी मी भाषण केलं, ते सगळ्यांना आवडलं. तिने मिठी मारली तेव्हा मला रडू आलं. ते ती चालली म्हणून होतं की ती जिथे चालली होती तिथे तिची वाट बघणारे होते म्हणून, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

गेल्या हिवाळ्यात त्याच भागातल्या गावांचा नियोजन अहवाल मी तयार केला. प्राध्यापक म्हणून माझं नाव असलेला, जाडजूड. म्हटलं, आपणही गावात वाचून दाखवू. गोंडी घोटून घोटून पाठ केली आणि पटेलाच्या त्याच अंगणात बसून वाचलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. वाचून झाल्यावर मी वाट बघत बसले. मनात म्हणत होते, कुणीतरी काहीतरी काढायला सांगा. एक परिच्छेद, एक ओळ. मी तिथल्या तिथे फाडून देईन.

ते आपसांत बोलले. मग पटेलाची आई, माझ्या गोंडीची कीव येऊन असेल, मराठीत म्हणाली, "छापा बाई, छापा. याच्यात काढासारखं काई नाई."

बरोबरच होतं तिचं. काढायला सांगावं असं काही त्यांनी मला कधी सांगितलंच नव्हतं. अहवाल पुढच्या महिन्यात छापून आला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत जसाच्या तसा.