आरतीचं ताट कोजोच्या हातात

माझे हात उकडीने बरबटलेले होते म्हणून फोन मेधावहिनींनी घेतला. घेतला तो सरळ स्पीकरवर टाकला. पलीकडे नागपूरहून माझी आई.

"जय भीम, बेटा. जेवली का?"

स्वयंपाकघरात पाच-सहा बायका मोदक वळत होत्या. त्यांचे हात थांबले. मी म्हणाले, "आई, नंतर करते फोन." वहिनींनीच फोन बंद केला. मग माझ्यापुढचं मोदकांचं ताट उचललं. हसून.

"किती सुबक कळ्या पाडल्यास गं. हे आपण जेवणात घेऊ. नैवेद्याचे मी वेगळे करते."

माझं ताट मायक्रोवेव्हच्या बाजूला गेलं. दुसरं पातेलं चढलं, नवी उकड काढली. उरलेली माझी उकड कुणी घेतली नाही. शिवी कुणी दिली नाही. शिवी दिली असती तर निदान उलटून बोलता आलं असतं. मी सिंकपाशी हात धुतले, नखांतली उकड काढत बराच वेळ धुतले.

घर श्रीरंगदादांचं, टेक्ससमधल्या अर्विंगला. श्रीरंगदादा म्हणजे माझे मॅनेजर, मूळचे पुण्याचे, वहिनींचे यजमान. माझ्या ग्रीन कार्डचे कागद त्यांच्या सहीने पुढे सरकायचे. म्हणून मी पर्स उचलून निघाले नाही. हॉलमध्ये जाऊन बसले.

हॉलमध्ये कोजो होता. आमच्या कंपनीचा मालक. घानाचा. त्याची आई कुमासीच्या रस्त्यावर तळलेले मासे विकायची. तो पोरवयात मोबाइल दुरुस्त करायचा. राजधानी अक्राला त्याने पहिली कंपनी काढली, ती बुडाली, तिथले लोक अजून त्याच्या नावाने बोटं मोडतात. इथे येऊन त्याने दुसरी काढली. खालची पापणी ओढून फोनने फोटो काढायचा, अंगात रक्त कमी आहे का ते ॲप सांगणार. मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याचा फोटो आला. कुणी म्हणायचं देवमाणूस, कुणी म्हणायचं बोलबच्चन. तो दोघांकडे बघून हसायचा.

त्या दिवशी दादांनी त्याला झब्बा घातला होता. आरती सुरू झाली आणि दादांनी ताट त्याच्या हातात दिलं.

"ॲम आय डुइंग इट राइट?" कोजोने विचारलं.

"परफेक्ट!" वहिनी म्हणाल्या. याच वहिनी आदल्या आठवड्यात मला म्हणाल्या होत्या, "हे लोक काहीही खातात गं, भांडी वेगळीच काढावी लागणार." आता नैवेद्याचा पहिला मोदक त्यांनी स्वतःच्या हाताने त्याच्या पानात वाढला. वर तूप सोडलं. फोटो निघाले.

राग वहिनींचा यायला हवा होता. आला तो कोजोचा. मी जळले. हा परका, धर्माने परका, भाषेने परका. मला त्या आरतीचा शब्द न् शब्द पाठ, शाळेत म्हणून घ्यायचे. याला टाळी कुठे वाजवायची ते कळत नव्हतं. तरी ताट याच्या हातात. कारण तो मालक. त्याच्या रंगाचं त्यांनी त्या दिवसापुरतं ठरवून टाकलं होतं की दिसत नाही. माझा तर कुठला रंगही नव्हता, वहिनींपेक्षा मी उजळ. आईच्या तोंडचे दोन शब्द पुरले.

वर्षभराने कोजोचे दिवस फिरले. वर्तमानपत्रात आलं की हॉस्पिटलवाल्यांना दाखवलेला डेमो खोटा होता, उत्तरं आधीच भरून ठेवली होती. बातमी खरी होती. दुपारपर्यंत इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवरून आरतीचे फोटो गायब. संध्याकाळी दादा पँट्रीत चहा ढवळत सांगत होते, "मी आधीपासून म्हणत होतो यार, या लोकांचा भरवसा नाही."

दुसऱ्या दिवशी कोजोने सगळ्यांना एकत्र बोलावलं. मला वाटलं वकिलाने लिहून दिलेलं वाचेल. तो उभा राहिला आणि म्हणाला, "डेमो खोटा होता. मला माहीत होतं. कालपासून मला लोक मासेवालीचा पोरगा म्हणून शिव्या देतायत. खोटेपणासाठी शिव्या द्या. मासेवालीचा पोरगा मी आहेच, त्यात शिवी कसली?"

मला त्याची कणव आली नाही. पुन्हा हेवाच वाटला, पहिल्यापेक्षा कडू. माणूस चोर ठरला होता, खुर्ची जात होती, आणि तरी भरल्या सभेत आईचं नाव घेताना त्याचा आवाज चढला. मी कुणाचं काही खाल्लं नव्हतं. आणि माझा फोन त्या मोदकांच्या दिवसापासून खिशात कायम सायलेंटवर.

पुढच्या आठवड्यात दादांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. चौकशीसाठी बाहेरची वकीलबाई नेमली होती, ती एकेकाला विचारणार होती.

"तू सांग, डेमोचं प्रेशर कोजोनेच टाकलं. मला काही माहीत नव्हतं."

"दादा, त्या मीटिंगमध्ये मी होते. उत्तरं भरायला तुम्ही सांगितलंत."

"अगं, तो बुडालेलाच आहे. आपण कशाला बुडायचं? आपण आपल्या माणसांनी एकमेकांना धरून राहायला पाहिजे. तुझं ग्रीन कार्डही बघायचंय ना मला."

आपली माणसं. वर्षभरापूर्वी ज्या घरात माझ्या हातचं देवाला चालत नव्हतं, त्या घराला माझी खोटी साक्ष चालत होती. गरज पडली की मी आपली. गरज सरली की मी वेगळ्या ताटातली.

"तुमच्या माणसांत मी कधी आले, दादा?"

"म्हणजे? मी कधी काही वेगळं वागलोय तुझ्याशी?"

"वहिनींना विचारा."

त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांना सगळं माहीत होतं. मी उठले.

वकीलबाईला मी जे होतं ते सांगितलं. कोजोला माहीत होतं, भरायला दादांनी सांगितलं, मी गप्प बसले. तिघांचंही सांगितलं.

सगळं खापर कोजोवर फुटलं, तो कंपनीतून गेला. दादा राहिले, बढती घेऊन राहिले. माझी जागा "टीमची फेररचना" म्हणून गेली आणि ग्रीन कार्डचे कागद तिथेच थांबले. कोजो आता कॅलिफोर्नियात तिसरी कंपनी काढून पुन्हा स्टेजवर उभा आहे. अर्धे लोक हुर्यो करतात, अर्धे टाळ्या वाजवतात. मी त्याचा व्हिडिओ बघते आणि अजून जळते. खोटं बोलून त्याला तिसरा डाव मिळाला, खरं बोलून माझा पहिलाच गेला. हे मला गोड मानून घ्यायचं नाही.

मागच्या महिन्यात एक मुलाखत होती, व्हिडिओवर. समोर आपल्याकडचेच एक गृहस्थ. इंग्रजीत चाललं होतं. मध्येच ते मराठीत आले, आवाज एकदम घरगुती.

"नागपूरच्या ना तुम्ही? नागपुरात नेमक्या कुठल्या?"

हा प्रश्न पत्त्यासाठी नसतो. तो विचारणाऱ्याला माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही. इतकी वर्षं मी म्हणायचे, "स्टेशनच्या जवळ."

"इंदोऱ्याची," मी म्हणाले. "बौद्ध आहे. तुम्हाला हेच विचारायचं होतं ना? आता कामाचं विचारा."

ते कागद चाळू लागले. मी कॅमेऱ्यावरची नजर काढली नाही. ती नोकरी मला मिळाली नाही. पुढच्या मुलाखतीत मी हे पहिल्याच वाक्यात सांगणार आहे, कुणी विचारायची वाट न बघता.